‘जीव घाबरणे’ : गर्भवतीच्या हृत्स्पंदनाची भाषा आणि तिचा अर्थ

भंडारा जिल्ह्यातील एखादी गर्भवती तपासणीस आली असता ‘काय त्रास होतो?’ या प्रश्नाला ती जे उत्तर देते ते पुष्कळदा तीनच शब्दांचे असते : “जीव घाबरते जी.” या वाक्याचे व्याकरण प्रथम पाहू. ‘जीव’ हा शब्द पुल्लिंगी असूनही क्रियापद ‘घाबरतो’ असे न येता ‘घाबरते’ असे येते. कारण या भागातील बोलींत वर्तमानकाळाच्या तृतीयपुरुषी एकवचनात लिंगभेद राखला जात नाही. अखेरचा ‘जी’ हा आदरार्थी निपात असून वैनगंगेच्या खोऱ्यात तो वडीलधाऱ्यांशी, परक्यांशी आणि अधिकारी व्यक्तींशी बोलताना सहज येतो. येथवर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास काहीच अडचण नाही. अडचण आहे ती अर्थाची; आणि ती केवळ शास्त्रीय कुतूहलाची बाब नव्हे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रमाण मराठीत आज ‘घाबरणे’ म्हणजे भिणे. पुण्यामुंबईकडे शिकलेल्या वैद्याच्या किंवा परिचारिकेच्या कानावर ‘जीव घाबरते’ हे शब्द पडले की त्यांचा अर्थ ‘रुग्णास भीती वाटते’ असा केला जाणे अगदी स्वाभाविक आहे. पहिलटकरणीस तर भीती वाटतेच, तेव्हा अर्थ जुळतोही. वस्तुतः बोलणारीला भीतीविषयी काही सांगावयाचे नसते. छातीत धडधडते, श्वास अपुरा वाटतो, अंगातील बळ सरते, आत काहीतरी ठिकाणावर नाही, अशा एका संमिश्र शारीर अनुभवास तिच्या बोलीत ‘जीव घाबरणे’ हेच नाव आहे. हिंदीतील ‘घबराना’ आणि गुजरातीतील ‘गभरावुं’ ही या धातूची भावंडे. तिन्ही भाषांत कासाविशी, गोंधळ आणि भय या अर्थच्छटा एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. प्रमाण मराठीनेही ‘जीव घाबरा होणे’ या वाक्प्रचारात जुना शारीर अर्थ जपून ठेविला आहे. परंतु नुसत्या ‘घाबरणे’ या क्रियापदातून तो जवळजवळ हद्दपार झाला आहे. बोलीत मात्र तो नांदतो आहे.

प्रस्तुत लेखिकेस या भेदाचे महत्त्व ग्रंथातून कळले नाही. पवनी तालुक्यातील आमच्या धाकट्या जाऊबाईंना सहाव्या महिन्यात हा त्रास सुरू झाला. त्यांनी एका रुग्णालयात दोनदा जाऊन हेच तीन शब्द सांगितले आणि दोन्ही वेळा त्यांच्या कागदावर, भीती वाटते, धीर दिला, अशा आशयाची नोंद झाली. नाडी त्या वेळी नेहमीसारखी होती, ही गोष्टही खरी. त्यामुळे नोंद करणाऱ्यास सर्वस्वी दोष देता येणार नाही. तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणी वयस्क परिचारिकेने निराळाच प्रश्न विचारला : “घाबरते म्हणजे कसं होते बाई? एकदम सुरू होते का हळूहळू?” जाऊबाई म्हणाल्या, “बटन दाबल्यावानी सुरू होते, अन् बटन दाबल्यावानीच बंद होते.” या एका उत्तराने निदानाची दिशा बदलली. पुढे झटका चालू असतानाच हृदयाचा विद्युत् आलेख काढता आला, तेव्हा ठोके मिनिटास १८० च्या वर पण नियमित असल्याचे दिसले. योग्य उपचार झाले आणि प्रसूती सुखरूप पार पडली.

भीतीने वाढणारे ठोके हळूहळू चढतात व हळूहळू उतरतात. हृदयातील विद्युत्‌प्रवाहास एखादी अधिकची वाट सापडून तो वर्तुळाकार फिरू लागला तर ठोके एका क्षणात दुप्पट होतात व एका क्षणातच पूर्ववत होतात. दोहोंतील हा भेद यंत्रावाचूनही कळू शकतो. मात्र त्यासाठी रुग्णास आपला अनुभव वर्णन करण्याची संधी मिळाली पाहिजे आणि ऐकणाऱ्यास ते वर्णन समजले पाहिजे.

आता गर्भारपणात हृदयाचे नेमके काय होते ते पाहू. गर्भधारणेनंतर सहाव्या-सातव्या आठवड्यापासूनच स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे एकंदर आकारमान वाढू लागते व बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते पूर्वीपेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी अधिक होते. रक्तवाहिन्या सैलावतात. हृदय दर मिनिटास बाहेर टाकीत असलेल्या रक्ताचे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांनी वाढते; त्यासाठी प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त फेकले जाते आणि ठोक्यांची संख्याही मिनिटास १० ते २० नी वाढते. पूर्वी ७५ ठोके असणाऱ्या स्त्रीची नाडी आठव्या महिन्यात स्वस्थ बसली असताही ९० च्या घरात असणे हा रोग नव्हे. त्यात वाढलेल्या गर्भाशयामुळे श्वासपटल वर उचलले जाते व हृदय किंचित डावीकडे आणि वर सरकते. म्हणून पूर्वी जाणवत नसलेले ठोके आता जाणवू लागतात. ‘धडधड’ ही तक्रार गर्भवतींमध्ये इतकी सामान्य का, आणि बहुसंख्य वेळा निरुपद्रवी का, याचे उत्तर एवढ्यात आले.

येथे एका शब्दाच्या इतिहासाकडे वळण्याचा मोह आवरत नाही. ‘डोहाळे’ हा आपला शब्द संस्कृत ‘दोहद’ याच्याशी जोडला जातो. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात आद्य दकाराचा डकार व अंत्य दकाराचा लकार होण्याची सोय या शब्दासाठी नोंदविली आहे, आणि त्यावरून मराठी रूपाची वाट स्पष्ट होते. परंतु ‘दोहद’ हा शब्दच मुळात संस्कृताने प्राकृतातून परत घेतलेला असून त्याचे मूळ ‘द्विहृद्’, म्हणजे दोन हृदयांची, यात आहे, असे मत युरोपीय पंडितांनी मांडले. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते व म्हणून त्या स्त्रीस दोन हृदयांची म्हणतात असे सांगितले आहे. चरकसंहितेत हीच अवस्था तिसऱ्या महिन्यात मानली आहे. १९२० साली ब्लूमफील्ड यांनी डोहाळ्यांच्या कथाबीजावर विस्तृत निबंध लिहिला तेव्हा त्यांचे लक्ष इच्छापूर्तीच्या कथांकडे होते. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या शब्दात मूलतः ‘हृदय’ होते त्यातून आज हृदय पार निघून गेले आहे आणि चिंचा-बोरे तेवढी उरली आहेत. डोहाळजेवणास जमलेल्या सुवासिनींपैकी कोणासही तो शब्द छातीशी संबंधित आहे असे वाटणार नाही.

उलट ‘काळीज’ या शब्दात हृदय मागाहून आले. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत, हिंदीच्या ‘कलेजा’त तो अर्थ अद्याप शिल्लक आहे, मराठीने मात्र काळजास उजव्या कुशीतून काढून छातीत आणून बसविले. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत ळकाराच्या जागी रकार येतो, ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ होतो, याकडे झाडीबोलीचे कोशकार डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात भंडाऱ्याकडील मराठीचा समावेश आहे. परंतु त्यातील नमुने कथा-कबुलीजबाबांचे, आजाऱ्याच्या तक्रारीचे नव्हेत. आजाराची बोली हा विषय आपल्याकडे अद्याप दुर्लक्षितच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या बोलीचे खरे सामर्थ्य तिच्या ध्वन्यनुकारी शब्दांत आहे. वैद्यकातील ‘पॅल्पिटेशन’ हा लॅटिन शब्द, ‘पुनःपुन्हा थरथरणे’ एवढेच सांगतो. आयुर्वेदातील ‘हृद्द्रव’, जो चरकाने ऐंशी वातविकारांत गणला आहे, हृदयाचे धावणे सुचवितो. दोहोंतूनही धावण्याची लय कळत नाही. मराठीत ती कळते. ‘धडधड’ या पूर्ण द्विरुक्तीत तोच अवयव तसाच दोनदा येतो व सारख्या अंतराने सारखी क्रिया होत असल्याचा बोध होतो : वेगवान, पण नियमित. ‘धस्स होणे’ किंवा ‘लक्कन हलणे’ यांत द्विरुक्ती नाही; त्याऐवजी व्यंजन दुणावले आहे, आणि मराठीत असे द्वित्व एकदाच घडणाऱ्या आकस्मिक क्रियेचे द्योतक असते. ‘धाकधूक’ या शब्दात द्विरुक्ती आहे पण स्वर पालटला आहे. असा पालट बहुधा अनियमित, एकसारख्या नसलेल्या हालचालीचा सूचक असतो. ‘फडफड’ हा पुन्हा पूर्ण द्विरुक्तीचा शब्द, परंतु त्यातील ‘फ’ मुळे आघाताऐवजी हलके पंख हालल्यासारखे वाटते. हे वर्गीकरण प्रस्तुत लेखिकेचे आहे, आणि त्यावर मतभेद संभवतात.

तथापि त्याची वैद्यकाशी पडणारी गाठ विलक्षण आहे. ‘काळजाचा ठोका चुकला’ हा वाक्प्रचार आपण भीतीसाठी वापरतो, परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो अक्षरशः खरा असू शकतो. एखादा ठोका वेळेच्या आधी पडला की हृदयात पुरेसे रक्त भरलेले नसते, म्हणून तो ठोका जाणवत नाही. त्यामागून नेहमीपेक्षा लांब विराम येतो. आणि विरामात अधिक रक्त भरल्यामुळे त्यानंतरचा ठोका जोराने पडतो. न जाणवलेला ठोका, विराम, आणि आघात ही संपूर्ण घटना ‘ठोका चुकून धस्स झाले’ या चार शब्दांत क्रमाने आली आहे. असे अकाली ठोके गर्भारपणात फार आढळतात व हृदय अन्यथा निरोगी असल्यास त्यांना औषध लागत नाही. याउलट पूर्णपणे विस्कळीत, कोणत्याही दोन ठोक्यांत सारखे अंतर नसलेली लय ही वरच्या कप्प्यांच्या कंपनाची खूण असू शकते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

जाणते वैद्य म्हणूनच रुग्णास टेबलावर बोटाने ठोके वाजवून दाखविण्यास सांगतात. ही युक्ती भाषेच्या मर्यादा ओलांडते. ज्या सुनेस सासूसमोर चार वाक्ये बोलण्याचा संकोच वाटतो तीही बोट वाजवून दाखविते. (आमच्या एका विद्यार्थिनीने यावर, मग भाषाशास्त्रज्ञांचे काय काम, असा प्रश्न केला होता. टेबलावर बोट वाजवा असे कोणत्या शब्दांत सांगावे हे ठरविणे, एवढे तरी उरते.)

धडधडीमागील कारणांचा विचार करिताना या जिल्ह्याची परिस्थिती लक्षात घेणे अवश्य आहे. पहिले व सर्वांत व्यापक कारण रक्तक्षय होय. गर्भारपणात रक्तातील द्रवभाग वाढतो त्या मानाने तांबड्या पेशी वाढत नाहीत, त्यामुळे रक्त काहीसे पातळ होणे स्वाभाविक; परंतु रक्तरंजकाचे प्रमाण ११ ग्रॅमच्या खाली गेले तर त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२.२ टक्के गर्भवती या मर्यादेच्या खाली आढळल्या. प्राणवायू वाहून नेणारे कण कमी असले की हृदयास ते अधिक वेळा फिरवावे लागतात. धडधड ही त्याची हाक असते. अशा स्त्रीस धीर देऊन परत पाठविणे म्हणजे विहीर आटली असता रहाट जोराने का फिरतो असे विचारण्यासारखे आहे.

पूर्व विदर्भात याच्या जोडीला सिकलसेल हा आनुवंशिक विकार आहे. नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील या विकाराविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, २०२३ च्या जुलैमध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ज्या स्त्रीस हा गुण एकाच पालकाकडून आला आहे तिचे गर्भारपण सामान्यतः सुरळीत जाते; दोघांकडून आलेला असल्यास मात्र रक्तक्षय तीव्र असतो, आणि धडधडीबरोबर छातीत दुखणे, ताप किंवा दम लागणे सुरू झाले तर ती तातडीची अवस्था समजावी. अशा स्त्रीचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच आहे असे गृहीत धरणे बरोबर नाही. म्हणून गर्भारपणाच्या आरंभीच ही तपासणी, शक्य तर पतीचीही, झालेली असावी.

दुसरे एक कारण जुने आहे. बालपणी घसा व सांधे धरणाऱ्या तापाने हृदयाची डावीकडील झडप आकसलेली असते, पण ते ठाऊक नसते. गर्भारपणातच ते प्रथम उघडकीस येते. ठोके मिनिटास ७५ असता एका ठोक्यास ०.८ सेकंद मिळतात व त्यांतील सुमारे ०.५ सेकंद हृदय भरण्यासाठी असतात. ठोके १५० झाले की सर्व मिळून ०.४ सेकंदच उरतात आणि कपात मुख्यतः भरण्याच्या वेळेत होते. झडप निरोगी असेल तर हे निभावते. झडप अरुंद असेल तर रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. स्त्री आडवी होऊ शकत नाही, रात्री उठून बसते, खोकते. ‘जीव घाबरते’ या शब्दांबरोबर ‘निजता येत नाही’ हे शब्द आले, तर त्या दोहोंचा एकत्र अर्थ अगदी निराळा आहे.

गलग्रंथीचा अतिरेक, ताप, उलट्यांनी झालेले शोषण ही अन्य कारणे सर्वत्र सारखीच. परंतु रोवणीच्या दिवसांत पाण्यात वाकून काम करणाऱ्या, अथवा वैशाखाच्या उन्हात तेंदूपानांमागे हिंडणाऱ्या गर्भवतीच्या शरीरातील पाणी किती घटते याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. खऱ्र्याविषयीही बोलावयास हवे. तंबाखू, सुपारी व चुना यांचे हे मिश्रण या भागात स्त्रियाही खातात आणि गर्भारपणात मळमळीवर उतारा म्हणूनही तोंडात धरतात. त्यातील निकोटीन ठोके वाढविते व गर्भाच्या वाढीस बाधक होते. चहा सर्वस्वी वर्ज्य नाही, परंतु दिवसाचे दोन-तीन कप ही मर्यादा बरी.

झटका आला असता काय करावे? प्रथम काम थांबवून बसावे. विसाव्या आठवड्यानंतर उताणे निजू नये. गर्भाशयाचा भार खालून हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे रक्त कमी येते, ते अधिक जोराने धावते, आणि चक्कर येते. डाव्या कुशीवर वळताच पुष्कळींचा ‘घाबरलेला’ जीव दोन मिनिटांत ठिकाणावर येतो. पाणी प्यावे. मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. हे काम घरातील शाळकरी मुलासही शिकविता येते, आणि मोजलेला आकडा, वेळ, व झटका किती काळ टिकला हे वहीत लिहून ठेवावे. पुढे आलेख काढताना झटका थांबलेला असतो, तेव्हा ही वहीच साक्षीदार असते. ‘बटनासारख्या’ झटक्यात नाक-तोंड मिटून पंधराएक सेकंद जोर केल्याने किंवा चेहऱ्यावर थंड पाणी घेतल्याने कधी कधी लय पूर्ववत होते. मात्र हा प्रयोग वैद्याने एकदा शिकविल्यानंतर करावा. मानेची नस चोळणे अथवा डोळे दाबणे हे उपाय घरी मुळीच करू नयेत.

शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, आडवे होता न येणे, थुंकीतून रक्त येणे, अथवा स्वस्थ बसूनही नाडी १२० च्या वर राहणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. घरात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला असेल तर ते न विचारताही सांगावे. उपचार नाहीत म्हणून गप्प राहण्याचे कारण नाही. शिरेतून दिले जाणारे ॲडिनोसिन काही सेकंदांतच रक्तातून नाहीसे होते, त्यामुळे ते गर्भापर्यंत फारसे पोहोचत नाही. ठोके मंद करणाऱ्या औषधांपैकी मेटोप्रोलॉल वापरले जाते, ॲटेनोलॉल मात्र गर्भाच्या वाढीस मारक म्हणून टाळतात. आणि प्राणावर बेतले तर विजेचा नियंत्रित धक्काही गर्भारपणात देता येतो. आधीपासून चालू असलेले हृदयाचे औषध गर्भ राहिला म्हणून आपल्याच मनाने बंद करणे हे पुष्कळदा औषधापेक्षा धोक्याचे ठरते.

दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्यसंस्थांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी करण्याची योजना २०१६ पासून चालू आहे. त्या दिवशी गर्दी असते व प्रत्येकीच्या वाट्यास थोडी मिनिटे येतात. तेवढ्यात तीन प्रश्न विचारून होतात : एकदम सुरू होते की हळूहळू? ठोके सारखे पडतात की चुकतात? निजल्यावर बरे वाटते की अधिक त्रास होतो? यांत ‘भीती वाटते का?’ हा चौथा प्रश्नही असावा, कारण भीतीही खरी असते. परंतु तो शेवटी विचारावा. पहिल्यांदाच विचारला तर ‘हो’ असे उत्तर येते आणि उरलेले तीन प्रश्न राहून जातात. आशा सेविका बहुधा त्याच गावच्या असतात व त्यांना ‘जीव घाबरते’चा अर्थ शिकवावा लागत नाही, कागदावर लिहिताना मात्र त्याही प्रमाण भाषेत लिहितात आणि ‘घबराट’ असा शब्द योजतात. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत लिहावेत, एवढी साधी सूचना नोंदवहीच्या नमुन्यात अंतर्भूत करता येण्याजोगी आहे.

प्रसूतीनंतर वाढलेले रक्त लगेच ओसरत नाही. उलट पहिल्या एकदोन दिवसांत गर्भाशयातील रक्त परत फिरल्यामुळे हृदयावरील भार काही काळ वाढतो, व सर्व पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. हृदयाचे स्नायूच दुर्बळ होण्याचा एक विकार गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यापासून प्रसूतीनंतरच्या पाच महिन्यांपर्यंत उद्भवू शकतो. तेव्हा मात्र तक्रार करणारी ‘गर्भवती’ राहिलेली नसते, ‘बाळंतीण’ झालेली असते. तिची तपासणी थांबलेली असते, घरचे सर्व लक्ष बाळाकडे असते, आणि तिचे तेच तीन शब्द अशक्तपणाच्या खात्यात जमा होतात. आमच्या जाऊबाईंनी तिसऱ्या महिन्यात पुन्हा एकदा “जीव घाबरते” म्हटले, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनीच प्रथम विचारले : “बटनवालं का दुसरं?”